पूलवर पैसे लावायचेच असतील, तर: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलांची पूलशी, म्हणजे क्यूने (लांब काठीने) चेंडू टेबलाच्या पॉकेटात टाकायच्या खेळाशी, ओळख बहुधा एकाच वाटेने होते. आधी विद्यापीठातलं टेबल, मग घराजवळचा बार, मग कोणीतरी खऱ्या पूल हॉलमध्ये घेऊन जातं. तिथे दोन-चारदा दिसलात की शेजारच्या टेबलावरचा माणूस सहज विचारतो, "थोडे पैसे लावून खेळणार का?" हा लेख त्या प्रश्नापासून पुढचा आहे. चेंडू कसा मारायचा हे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पैसे लावताना काय बोलायचं, काय ठरवून घ्यायचं आणि कधी उठायचं, हे मात्र ज्याने त्याने खिसा हलका करूनच शिकावं असा रिवाज आहे. माझं मत विचाराल तर पूलमधला निम्म्याहून जास्त पैसा ब्रेक (चेंडू फोडणारा पहिला मार) मारण्याआधीच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात जातो किंवा येतो. म्हणून सगळ्यात जास्त जागा त्या पाच मिनिटांना दिली आहे.

आधी कायदा, कारण आपण परदेशात आहोत

पैसे लावून पूल खेळणं कायद्यात बसतं का, याला अख्ख्या देशाचं मिळून एक उत्तर नाही. राज्यागणिक नियम वेगळे. काही ठिकाणी मित्रामित्रांत चाललेल्या, तिसरा कोणी कमाई काढत नसलेल्या खेळाकडे कायदा काणाडोळा करतो, काही ठिकाणी तेवढीही मोकळीक नाही. आपल्याकडच्या १८८७ च्या मुंबई जुगार कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत, ते लक्षात ठेवून इथे "पूल म्हणजे कौशल्य, जुगार कुठे?" असा वाद घालायला जाऊ नका. तुमच्या राज्यात काय आहे ते वाचा.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आणखी एक गोष्ट. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात बेकायदा जुगाराबद्दल सरळ प्रश्न असतो. जुगाराच्या दोन गुन्ह्यांत दोषी ठरलात, किंवा तुमची मुख्य कमाई बेकायदा जुगाराची निघाली, तर अर्जाला लागणारं 'चांगलं चारित्र्य' त्या काळापुरतं हातचं जातं. वीस डॉलरच्या सेटसाठी, म्हणजे ठरलेल्या डावांच्या एका मॅचसाठी, कोणी तुमच्या दारात येणार नाही हे खरं, पण ज्याची इथली सगळी घडी कागदांवर उभी आहे त्याने हे माहीत असूनच खेळावं. जिंकलेली रक्कम उत्पन्न म्हणून करपत्रकात दाखवायची असते, हेही त्यातच आलं.

बऱ्याच हॉलमध्ये भिंतीवर 'जुगार मना आहे' अशी पाटी असते आणि पाटीखालीच सेट चाललेले असतात. यात ढोंग आहेच, पण मालकाचा दारूचा परवाना त्या पाटीवर टिकून असतो. म्हणून नोटा टेबलावर पसरायच्या नाहीत, मोठ्याने आकडे बोलायचे नाहीत. जुन्या हॉलमध्ये पैसे टेबलावरच्या दिव्याच्या झाकणावर ठेवायची पद्धत होती. अजूनही काही जण 'दिव्यावर ठेव' म्हणतात. सरकारचं लक्ष गेलं की काय होतं, याचा दाखला इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीत आहे. तिथे १९६१ पासून नावाजलेल्या जुगारी खेळाडूंची स्पर्धा भरायची, आणि स्पर्धेपेक्षा रात्रीच्या पैशांच्या मॅचचा बोलबाला जास्त. १९७२ मध्ये फेडरल अधिकाऱ्यांची धाड पडली आणि तो मेळा उठला.

काही दिवस नुसतं बघा

नव्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी पैसे लावू नका. खुर्ची घ्या, काहीतरी प्यायला घ्या, बघा. कोण रोज येतं, कोण कोणाशी खेळायचं टाळतं, हरल्यावर कोणाचं तोंड वाकडं होतं, काउंटरवरचा माणूस कोणाला नावाने हाक मारतो. या गोष्टी एका संध्याकाळी कळत नाहीत. बसताना मात्र टेबलापासून लांब बसा आणि चालू मॅचवर चकार शब्द काढू नका. "अरे, सात नंबर सोपा होता" हे वाक्य कट्ट्यावर चालतं. इथे त्या सातवर कोणाचे शंभर डॉलर असू शकतात.

बारमधलं नाणी टाकून चालणारं टेबल हे वेगळंच राज्य. तिथे पुढचा डाव मागायचा तर टेबलाच्या कडेवर आपली नाणी ठेवायची. जिंकणारा टेबलावर राहतो, आव्हान देणारा पैसे भरून रॅक लावतो, म्हणजे चेंडू साच्यात मांडतो. ही सात फुटी टेबलं असतात, हॉलमधली मोठी नऊ फुटी. सात फुटीवर खोऱ्याने चेंडू टाकणारा नऊ फुटीवर भांबावतो, तेव्हा आपला खेळ कोणत्या टेबलावरचा आहे ते स्वतःला आधी सांगा.

पुण्या-मुंबईत स्नूकर खेळून आलेल्यांना वेगळा सल्ला. बारा फुटी टेबलावर घोटलेला नेम घेऊन तुम्ही आलात की इथली पॉकेटं विहिरीसारखी वाटतात आणि आत्मविश्वास लगेच वर चढतो. पण पूलमध्ये नेम हा खेळाचा एक तुकडा आहे. ब्रेक, चिकटलेले चेंडू फोडणं, कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) काढलेले मार, आणि सगळ्यात मोठं म्हणजे फाउलची किंमत. स्नूकरमध्ये फाउल झाला की चार-सात गुण जातात. इथे पांढरा चेंडू समोरच्याच्या हातात जातो, तो हवा तिथे ठेवतो, आणि चांगला खेळाडू असेल तर रॅक (एका डावालाही रॅकच म्हणतात) तिथेच संपतो.

आपला भाव काय, ते आकड्यात

'बरा खेळतो' याला पैशांच्या टेबलावर अर्थ नाही. लीगमध्ये किंवा छोट्या स्पर्धांत खेळत राहिलात तर तुमच्या नावावर फार्गोरेट, म्हणजे खेळाची पत सांगणारा आकडा, जमा होतो. हा आकडा मोबाइलवर कोणालाही बघता येतो, तुमचा समोरच्याला आणि समोरच्याचा तुम्हाला. याचं गणित सोपं आहे: दोघांत १०० गुणांचं अंतर असेल तर वरचा खेळाडू तीनातले दोन रॅक जिंकेल अशी अपेक्षा. नावावर निदान २०० रॅक जमलेले असतील तरच त्या आकड्यावर विसंबावं.

आता हे गणित पैशांत उतरवू. समजा तुम्ही १०० गुणांनी खाली आहात. एका रॅकवर पैज असेल तर तुम्ही जिंकण्याची शक्यता शंभरात ३३. 'रेस टू ५', म्हणजे जो आधी पाच रॅक घेईल तो जिंकला, अशी बोली झाली तर तीच शक्यता शंभरात १४ वर येते. सातपर्यंतची रेस असेल तर १०. खेळ लांबला की नशिबाचा वाटा आटतो आणि वरच्याचं कौशल्य वसूल होतं. म्हणूनच अनुभवी माणूस हसत म्हणतो, "घाई काय आहे, नऊपर्यंत खेळू."

त्यावर उतारा म्हणजे सूट, इथल्या बोलीत 'स्पॉट'. सातच्या रेसमध्ये समोरच्याने तुम्हाला दोन रॅक आधीच दिले, म्हणजे त्याला सात हवेत आणि तुम्हाला पाच, तरी तुमची शक्यता २९ च होते. तीन दिले, सात विरुद्ध चार, तेव्हा कुठे ४४. तीन रॅकची सूट ऐकताना माणूस दानशूर वाटतो. पण पारडं अजून त्याचंच जड आहे, हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

डाव जुळवताना

इथे आपली मराठी अडचण आडवी येते. आपल्याला घासाघीस मंडईत चालते, पण खेळताना, तेही अनोळखी माणसाशी, "मला इतकी सूट हवी" म्हणायला जीभ रेटत नाही. आपण भिकारडे दिसू असं वाटतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे शब्दशः खरं होतं. इथे सूट मागण्यात कमीपणा नाही. डाव जुळवणं हा खेळाचाच भाग मानतात. उलट काहीच न मागता हो म्हणणाऱ्याकडे सगळा हॉल मान वळवून बघतो.

नाइन-बॉलमध्ये सूट अनेक रूपांत येते. नियम थोडक्यात असा: टेबलावरचा सगळ्यात लहान आकडा आधी लागला पाहिजे, आणि नियमात राहून ज्याने ९ टाकला तो रॅक जिंकला. 'तुला ८ दिला' म्हणजे तुम्ही ८ किंवा ९ यातला कुठलाही टाकून जिंकू शकता. पण ८ 'मोकळा' दिला आहे की 'सांगून'? मोकळा म्हणजे कुठेही, कसाही, नशिबाने पडला तरी चालेल. सांगून म्हणजे पॉकेट आधी बोलून दाखवायचं. ब्रेकवर ८ पडला तर धरायचा का? हे न विचारता सुरुवात केलीत तर पहिला वाद त्याच चेंडूवर होणार. 'वायरवर तीन' म्हणजे तीन रॅक आधीच खात्यात. पूर्वी टेबलावर ताणलेल्या तारेतले मणी सरकवून गुण मोजत, त्यावरून आलेलं बोलणं. कधी ब्रेक सगळे तुम्हाला देतात. नऊ फुटी टेबलावर नवख्याला नुसत्या ब्रेकचा फारसा फायदा होत नाही, कारण ब्रेकनंतर टेबल साफ करता आलं तरच त्याची किंमत. ८ मिळत असेल तर ८ घ्या.

संभाषण साधारण असं चालतं. तो म्हणतो, "सातपर्यंत, वीस डॉलर, बरोबरीत." तुम्ही म्हणता, "तुझा खेळ मी पाहिलाय. मला ८ दे, मोकळा." तो हसतो, "मोकळा नाही, सांगून." तुम्ही म्हणता, "मग सांगून, पण रेस पाचची." तो मान हलवतो किंवा हलवत नाही. नाही हलवली तर "बरं, पुन्हा कधीतरी" म्हणून क्यू पुसत आपल्या टेबलाकडे वळायचं. या 'पुन्हा कधीतरी'ने कोणी दुखावत नाही. अर्धा तास घासाघीस करून शेवटी न खेळणाऱ्याला मात्र 'निट' म्हणतात, आणि ते नाव सहजी पुसलं जात नाही. दोन-तीन फेऱ्यांत जुळलं तर जुळलं.

रक्कम ठरवताना हिशेब उलटा करा. आज किती गेले तरी झोप लागेल? त्या रकमेत निदान चार सेट बसले पाहिजेत. सुरुवातीला रॅकमागे पैसे लावू नका, सेटमागे लावा. रॅकमागे पाच-पाच डॉलर म्हणता म्हणता तासात किती गेले ते कळत नाही.

नियम तोंडाने बोलून घ्या

"नेहमीचे नियम" असं काही नसतं. एट-बॉलचे (आपल्या गटाचे चेंडू टाकून शेवटी ८ टाकायचा तो खेळ) तर दर बारचे वेगळे. ब्रेकआधी हे विचारून घ्या: प्रत्येक चेंडूला पॉकेट सांगायचं की चुकून पडलेला चालेल? फाउलनंतर पांढरा चेंडू कुठेही ठेवायचा की ब्रेकच्या रेषेमागेच? ब्रेकवर ८ (किंवा नाइन-बॉलमध्ये ९) पडला तर काय? ८ टाकताना पांढरा चेंडूही गेला तर रॅक गेला ना? नाइन-बॉलमध्ये ब्रेकनंतर पुश-आउट (सगळ्यात लहान आकडा लावायचं बंधन नसलेला एक मार, ज्यानंतर पुढे कोणी खेळायचं ते समोरचा ठरवतो) आहे का, आणि लागोपाठ तीन फाउलना रॅक जातो का? ब्रेक कोण मारणार: जिंकणारा, की आळीपाळीने? रॅक कोण लावणार? जंप क्यू (पांढरा चेंडू उडवायची आखूड काठी) चालेल का? टेबलाचं भाडं कोण देणार? आपल्याकडच्या पार्लरमध्ये 'टेबल हरणाऱ्याचं' हे न बोलता ठरलेलं असतं. इथे तासावर भाडं लागतं आणि ते बोलावं लागतं.

सगळं एका दमात, दोन मिनिटांत. कोणाला राग येत नाही.

रॅक समोरचा लावत असेल तर जवळ जाऊन बघायचा तुम्हाला हक्क आहे. पुढचा चेंडू आणि त्यामागचे दोन एकमेकांना टेकलेले हवेत. मध्ये फट असली की ब्रेकचा जोर विरतो, चेंडू जागच्या जागी गोळा होऊन बसतात. मुद्दाम फट ठेवणाऱ्यांचीही जात आहे. फट दिसली तर आवाज न चढवता "पुन्हा लाव" म्हणा. पण प्रत्येक रॅकला वाकून दुर्बीण लावल्यासारखं बघत बसलात तर तोही तुमचा तसाच बघेल आणि सेट मध्यरात्रीपर्यंत चालेल.

टेबलापाशी

समोरचा मारत असताना खुर्चीत बसायचं. त्याच्या नेमाच्या रेषेत उभं राहायचं नाही, ज्या पॉकेटात तो मारतोय तिथे खडू घासत थांबायचं नाही, तो वाकल्यावर बोलायचं नाही, फोन बंद. या सगळ्याला एकच नाव आहे, शार्किंग. मुद्दाम केलंत की नकळत, समोरच्याला फरक पडत नाही. मराठीतून मित्राशी कुजबुजणं तर टाळाच. न कळणारी भाषा कानावर पडली की माणसाला आपल्याबद्दलच चाललंय असं वाटतं.

आपला फाउल आपण सांगायचा. बाहीचा चेंडूला स्पर्श झाला, कोणी पाहिलं नाही, तरी सांगायचा. यात साधुत्व नाही, व्यवहार आहे. ज्याचा शब्द चालतो त्याला पुढे डाव मिळत राहतात.

सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात ते एकदा नीट बघून ठेवा. पांढरा चेंडू आणि मारायचा चेंडू एकमेकांपासून केसाच्या अंतरावर आहेत, किंवा दोन चेंडू इतके जवळ आहेत की कुठला आधी लागेल सांगणं कठीण. समोरचा वाकतो. ही वेळ आहे "एक मिनिट" म्हणण्याची. मारण्याआधी. दोघांना मान्य असा तिसरा माणूस बोलवायचा, तो टेबलाच्या कडेशी डोळा आणून उभा राहतो आणि तो म्हणेल ते शेवटचं. मारून झाल्यावर हरकत घेतलीत तर सर्वसाधारण रिवाज असा की संशयाचा फायदा मारणाऱ्याला. कुशनला टेकलेला चेंडूही तसाच. टेकलाय की नाही हे मारण्याआधी मोठ्याने बोलून दोघांनी मान्य करायचं. तिसरा माणूस निवडताना मात्र त्याची बाजूची पैज चालू नाही ना, ते विचारा.

पैसे लागले असतील तर दारू बाजूला. समोरचा तुम्हाला पाजतोय आणि स्वतःचा पहिलाच ग्लास तासभर धरून आहे, हे दृश्य दिसलं तर त्यातून काय घ्यायचं ते तुम्ही जाणता.

समोर कोण उभा आहे

कपड्यांवरून, वयावरून, क्यूवरून काही ठरवू नका. १९८५ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला एक बारीक, साधासा फिलिपिनो माणूस 'सेझार मोरालेस' नावाने स्पर्धेत उतरला आणि जिंकून गेला. तो एफ्रेन रेयेस होता. पुढे १९९९ मध्ये नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. अमेरिकेत तेव्हा त्याचं नाव ऐकलेले होते, चेहरा पाहिलेले फारसे नव्हते. म्हणून तर दुसरं नाव.

तुमच्या वाट्याला रेयेस येणार नाही. येईल तो मुद्दाम हात आखडून खेळणारा. त्याच्या चुकलेल्या मारांकडे बघू नका, कारण चुकवणं सोपं असतं. चुकल्यावर पांढरा चेंडू कुठे थांबतो ते बघा. नवख्याचा पांढरा चेंडू भरकटतो. याचा मात्र दरवेळी चुकल्यावरही तुम्हाला अडचणीच्या जागी नेऊन उभं करतो. त्याचा ब्रेक बघा, क्यूला आधार देणाऱ्या डाव्या हाताची ठेवण बघा. हाताची सवय लपवणं फार थोड्यांना जमतं. आणि दोन सेट हरून तिसऱ्याला "आता शंभर लावू" म्हणाला की समजा.

तिघांत मिळून खेळायला बोलावलं तर नवख्याने नाहीच म्हणावं. अशा खेळात तुमच्या आधी खेळणारा तुमच्यासाठी टेबल कसं सोडतो, यावर तुमचं सगळं अवलंबून. ते दोघे आतून एक असतील तर तुम्हाला दरवेळी भिंतीआडचा चेंडू मिळेल आणि त्यांना आपसात उघडा. इथे या सापळ्याला 'दोन भाऊ आणि एक परका' असं चपखल नाव आहे.

पैसे आणि उठणं

सेट संपला की तिथेच, रोख, न मागता द्यायचे. "उद्या पाठवतो" नाही. खिशात पैसे नसताना खेळणं, ज्याला 'एअर बॅरल' म्हणतात, यापेक्षा मोठा गुन्हा पूल हॉलमध्ये नाही. अनोळखी माणसाशी रक्कम मोठी असेल तर दोघांचे पैसे आधीच तिसऱ्याकडे ठेवावेत. हे सुचवण्यात अपमान नाही.

उठण्याचेही रिवाज आहेत. सेट सुरू झाला की पूर्ण करायचा. रॅकमागे पैसे असतील तर हरणारा केव्हाही उठू शकतो, पण जिंकणाऱ्याने पैसे खिशात घालून एकाएकी निघणं वाईट दिसतं. त्यावर सोपा उपाय: सुरुवातीलाच सांगा, "मला अकराला निघायचंय." मग अकराला पुढे असलात तरी कोणी बोट दाखवणार नाही.

हरणारा दुप्पट लावू म्हणाला तर हो म्हणायला तुम्ही बांधील नाही. जुळलेला दर तो दर. आणि तुम्ही हरत असाल तर दुप्पट स्वतःहून मागू नका, एटीएमकडे जाऊ नका. पुढे असणंही फसवं असतं. १९९६ मध्ये हाँगकाँगला रेयेस आणि अमेरिकन खेळाडू अर्ल स्ट्रिकलंड यांची एक लाख डॉलरची मॅच झाली, १२० रॅकची रेस. स्ट्रिकलंड एकदा १७ रॅकनी पुढे होता. शेवटी रेयेस १२०–११७ ने जिंकला. समोरचा मागे पडलाय म्हणून दर वाढवायला निघाला असाल तर हा गुणफलक आठवा.

घरभाड्याचे पैसे लागायला लागले, किंवा हरलेली रक्कम बायकोपासून, रूममेटपासून लपवावीशी वाटली, तर १-८००-४२६-२५३७ हा जुगाराच्या व्यसनासाठीचा मदत क्रमांक आहे.

दुसऱ्याच्या खेळावर

बाजूच्या पैजा आणि पाठीराखेपणा यांची ओळख सगळ्यात शेवटी करून घ्या. दुसऱ्याच्या मॅचवर पैसे लावलेत तर बघणाऱ्यांतल्याच कोणाशी लावा, खेळणाऱ्याला शब्दानेही काही सुचवू नका, आणि हरलात तर त्याला ऐकवू नका. पाठीराखा म्हणजे खेळणाऱ्याचे सगळे पैसे भरणारा: हरला तर नुकसान याचं, जिंकला तर बहुधा निम्मं-निम्मं. यात खेळणारा समोरच्याशी आतून हातमिळवणी करून मुद्दाम हरला, तर दोघे मिळून तुमचे पैसे वाटून घेतात आणि तुम्हाला दिसतो तो फक्त एक सरळ चेंडू चुकलेला. मुद्दाम चुकवला की दडपणाने चुकला, हे खुर्चीतून ओळखता येत नाही. म्हणून "माझ्यावर पैसे लाव, हा माणूस माझ्या हातचा आहे" असं कोणी म्हणालं, तर त्याला किती वर्षं ओळखता ते आधी मोजा, आणि वर्षांऐवजी आठवडे निघाले तर नाही म्हणा.